गटार, चरंडी आणि आमचा कट्टा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आर्द्रा लागल्या आणि तिसऱ्याच रात्री गल्लीतले पाणी उंबरा ओलांडून थेट आमच्या सोप्यात आले. आत्यांनी (सासूबाईंना मी आत्याच म्हणते) पिठाचे डबे फळीवर चढवले, दीरांनी दारात पोती रचली आणि आम्ही दोघी जावा पहाटेपर्यंत घमेल्याने पाणी उपसत बसलो. उजाडल्यावर बघतो तर गल्लीत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, "ठेकेदारानं खाल्लं!"

राग येण्यासारखेच होते. दारासमोरची काँक्रीटची गटार मार्च महिन्यातच बांधली होती. मार्च म्हणजे सरकारी कामांची सुगी. आर्थिक वर्ष संपण्याआधी निधी खर्ची पडला पाहिजे, म्हणून वर्षभर झोपलेली कामे त्या महिन्यात खडबडून जागी होतात. आमचीही गटार आठ-दहा दिवसांत उरकली होती. त्यामुळे गल्लीने निकाल देऊन टाकला आणि चहा पिऊन सगळे आपापल्या कामाला लागले.

गल्लीच्या तोंडाशी त्या कामाचा फलक उभा होता. येता-जाता मी तो रोज बघत होते, वाचला मात्र कधीच नव्हता. अठरा वर्षे मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. सरकारी खर्चावर मुलांना पानेच्या पाने लिहून देते. पण दारातल्या सरकारी खर्चाचा फलक कानडीत आणि माझे माहेर चंदगडकडचे. कानडी बोलता येते, बाजारहाट होतो, वाचता येत नाही. घरातल्या बाकीच्यांचे शिक्षण मराठी शाळेत झालेले. मामा, म्हणजे माझे सासरे, एकेकाळी एक मुदत पंच होते. तेही सही मराठीतच करायचे.

फलक वाचला तो धाकट्या जावेने. तिचे माहेर बैलहोंगलचे. घरात ती आता आमच्यासारखेच मराठी बोलते, चुलीपाशी रागावली की तेवढी कानडीत जाते. त्या सकाळी कोपऱ्यावरून दूध घेऊन आली आणि म्हणाली, "अक्का, फलकावर एकशेवीस मीटर लिहिलंय. आपली गटार तर मारुतीच्या देवळाच्या अलीकडंच संपली की!"

तिला या घरात येऊन बारा वर्षे झाली होती. बारा वर्षांत आमच्यापैकी कुणीही तिला एखादा सरकारी कागद वाचायला दिला नव्हता. उताऱ्यासाठी, अर्जासाठी आम्ही बाहेर पैसे मोजून माणूस गाठत होतो.

शब्द आपलेच आहेत

त्या दिवशी दुपारी यजमानांनी टेप धरली. गटार भरली ९६ मीटर. मग आम्ही दोघी फलकाची नक्कल वहीत उतरवून बसलो. ती वाचत गेली आणि मी चकित होत गेले. कामाला शब्द होता 'कामगारी'. खर्चाच्या अंदाजाला 'अंदाजु'. ठेकेदार तिथे 'गुत्तिगेदार'. आपल्याकडे मराठवाड्यात, सोलापुरात अजून 'गुत्तेदार' म्हणतात तोच. खाते म्हणजे 'इलाखे', आणि मुंबई इलाखा हा शब्द तर आपल्या आजोबांच्या तोंडचा. मंजुरीला 'मंजूरु', करारपत्राला 'करारु पत्र', अनामत रकमेला 'ठेवणी'. 'कार्यादेश' तर दोन्हीकडे कार्यादेशच. आपण गटार म्हणतो, इकडचे कानडी शेजारीही बोलताना गटारच म्हणतात. कागदावर तेवढी ती 'चरंडी' होते. लिपी ओलांडली की पलीकडे अर्धेअधिक आपल्याच ओळखीचे शब्द बसलेले असतात.

फलक मराठीतही असावेत ही आपली मागणी रास्तच आहे. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती पंधरा ते वीस टक्के असेल तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत मान्य झालेले आहे. ती मागणी सोडावी असे मी म्हणणार नाही. पण फलकाच्या भाषेवर आपण जितके बोललो, त्याच्या शतांशानेही फलकावरच्या आकड्यांवर बोललो नाही, ही गोष्ट मला त्या दुपारी फार लागली.

कागद कसा चालतो

जाता जाता हेही सांगते, कारण आपल्या घरांत हे कुणी समजावून देत नाही. कुठल्याही कामाचे आधी अंदाजपत्रक होते. ते सरकारी दरसूचीवरून इंजिनिअर तयार करतो. मग प्रशासकीय मंजुरी आणि तांत्रिक मंजुरी. कर्नाटकात १९९९ चा पारदर्शक खरेदीचा कायदा आहे. त्यानुसार किरकोळ कामे आणि कायद्याने सूट दिलेली कामे सोडली, तर निविदा काढावीच लागते. मामांच्या काळी कचेरीत निविदा पेटी असे आणि "कोण कधी टाकणार, हे आधी चहाच्या टपरीवर ठरायचं" असे ते हसत हसत सांगतात. आता निविदा ऑनलाइन भरतात. टपरी पूर्ण बंद झाली असे म्हणवत नाही, पण कागद मागे राहतो.

काम सुरू झाले की सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे मोजमाप पुस्तक, कचेरीच्या बोलीत 'एमबी'. झालेल्या कामाची लांबी, रुंदी, खोली, तारीख आणि इंजिनिअरची सही त्यात असते. पानांना क्रमांक असतात. बिल निघते ते या पुस्तकावरून. आणि काम संपल्यावरही ठेकेदाराची अनामत ठरलेल्या मुदतीपर्यंत अडकलेली असते. त्या मुदतीत काम बिघडले तर त्याने ते स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचे असते. गटारीला तडा गेला म्हणून आपण नशिबाला बोल लावतो, तेव्हा ही मुदत बहुधा चालू असते.

हे पुस्तक बघण्याचा अधिकार आपल्याला २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दिला आहे. कामाची पाहणी करता येते, नकला घेता येतात, वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुनेसुद्धा मागता येतात. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. फी दहा रुपये. जावेने कानडीत अर्ज लिहिला, शब्द दोनदा मोजले आणि खाली पहिल्यांदाच स्वतःची सही केली. एरवी घरातल्या अर्जांवर सही पुरुषांची.

उत्तर आले ते असे

महिन्याच्या आत नकला मिळाल्या. आमची तयारी भांडणाची होती. यजमानांनी तर चार शेजाऱ्यांना बोलावून ठेवले होते. जावेने पान उलगडले, ओळीवर बोट ठेवून वाचू लागली आणि मध्येच थांबली.

पुस्तकात १२० मीटर नव्हते, ९६ मीटरच होते. बिलही तेवढ्याचेच निघाले होते. खाली शेरा होता: पुढील २४ मीटरमध्ये घरांचे कट्टे रस्त्याच्या जागेत आहेत, रहिवाशांनी काढू दिले नाहीत, म्हणून काम तिथे थांबवले.

सोप्यात कुणीच काही बोलेना. देवळापासून नाल्यापर्यंतचे ते २४ मीटर म्हणजे गल्लीचा शेवट. तिथे पाच घरे, आणि पाचातले एक आमचे. पुढे वाट नाही म्हटल्यावर ९६ मीटर गटारीतले सगळे पाणी येऊन आमच्याच दारात तुंबले होते. मार्चमध्ये कामगार आले तेव्हा "कट्ट्याला हात लावायचा नाही" असे काठी आपटून सांगणारे आमचे मामाच होते. ते आम्हाला सगळ्यांना आठवले. त्यांनाही आठवले.

ठेकेदाराने खाल्ले नव्हते. निदान या गटारीत तरी नव्हते. याचा अर्थ सगळीकडे आलबेल आहे असा नाही. २०२१ च्या जुलैत राज्यातल्या कंत्राटदारांच्या संघटनेनेच पंतप्रधानांना पत्र लिहून टक्केवारीची तक्रार केली होती. २०२२ मध्ये बेळगावलगतच्या हिंडलग्यातल्या रस्त्यांचे प्रकरण राज्यभर गाजले. कार्यादेश हातात नसताना कामे केलेल्या एका ठेकेदाराचा बिल अडकलेले असतानाच मृत्यू झाला. एका मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्याविरुद्ध पुरावा नाही, असा अहवाल पोलिसांनी त्याच वर्षी दिला. त्या प्रकरणातले खरेखोटे मी ठरवणार नाही. पण तोंडी शब्दावर लाखो रुपयांची खडी ओतणाऱ्या आपल्या मुलांनी एवढे तरी घ्यावे, की कार्यादेशाच्या कागदाशिवाय फावडे उचलू नये.

आणि ठेकेदारही आता आपल्यातलेच असतात. अनुसूचित जाती-जमातींच्या कंत्राटदारांसाठी कर्नाटकात लहान कामांत अनुक्रमे १७.१५ आणि ६.९५ टक्के राखीव ठेवण्याचा कायदा झाला; आधी ही मर्यादा ५० लाखांच्या कामांपर्यंत होती, २०२३ मध्ये ती एक कोटीपर्यंत गेली. डिप्लोमा करून परवाना काढलेली, आईचे दागिने गहाण टाकून अनामत भरलेली मुले माझ्या वर्गातून गेलेली आहेत. "खाल्लं" हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. त्याने चोराचे काही बिघडत नाही, आणि प्रामाणिक माणूस मात्र पुढच्या वेळी म्हणतो, नाहीतरी नाव खराब झालेच आहे.

कट्टा

पुढच्या ग्रामसभेत जाऊ उभी राहिली. आधी कानडीत, मग मराठीत तिने ती ओळ वाचून दाखवली आणि उरलेले २४ मीटर पुन्हा आराखड्यात घ्यावेत अशी विनंती केली. "आणि कट्टे?" म्हणून पंचायत विकास अधिकाऱ्यांनी विचारले. सभेत चुळबुळ झाली. शेवटच्या रांगेतून मामा उठले, म्हणाले, "पहिला माझा काढा."

या मार्चआधीच गटार नाल्याला जाऊन मिळाली. या वेळी काम चालू असताना जाऊ आणि मी रोज संध्याकाळी टेप घेऊन बाहेर जात होतो. ओव्हरसियर पहिल्या दिवशी हसले, तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच टेपचे दुसरे टोक धरले.

कट्टा गेला. चाळीस वर्षे मामा संध्याकाळी तिथे बसत होते. कानडीत त्याला 'कट्टे' म्हणतात आणि पलीकडच्या घरचे त्यांचे कानडी मित्रही तिथेच येऊन टेकत. आता दोघे सोप्यातल्या बाकावर बसतात. पाऊस लागला की मामा उंबऱ्याकडे बघतात, तो कोरडा असतो. मग हळूच म्हणतात, "अगं, ते पंचायतीचं नवीन पत्र आलंय बघ. धाकटीला हाक मार, काय लिहिलंय ते वाचू दे."