जमिनीचा जीर्णोद्धार, लेखांक सातवा : जिंझूकाठची भातखाचरे

गेल्या लेखांकात आपण कालव्याच्या अतिरिक्त पाण्याने खारावलेल्या व चोपण झालेल्या जमिनींचा विचार केला, आणि जिप्सम घालून, चर खणून, गोड्या पाण्याने त्यांतील क्षार कसे धुऊन काढतात हे पाहिले. परंतु जे द्रव्य पाण्याबरोबर सहजी वाहून जात नाही, जे कुजत नाही, जळत नाही आणि ज्याचे विघटन कोणताही सूक्ष्म जीव करू शकत नाही, असे द्रव्य शेतात शिरले तर काय करावे, हा प्रश्न सर्वस्वी निराळा आहे. आणि त्या प्रश्नाला जपानातील तोयामा प्रांतातल्या जिंझू नदीकाठच्या शेतकऱ्यांनी ज्या चिकाटीने तोंड दिले, ती चिकाटी मला असामान्य वाटते.

जिंझूला वरच्या अंगाला तकाहारा ही उपनदी मिळते आणि तिच्या काठी, शेजारच्या गिफू प्रांताच्या हद्दीत, कामिओकाची शिसे-जस्ताची जुनी खाण आहे. जस्ताच्या खनिजात कॅडमियम हा धातू अल्प प्रमाणात मिसळलेला असतो. मित्सुई कंपनीच्या ताब्यातील या खाणीत खनिज दळून त्यातून जस्त वेगळे काढीत, आणि उरलेला पिठासारखा बारीक गाळ कित्येक दशके नदीत जाई व तेथून पाटांनी खाचरांत उतरे. खाचराच्या ज्या तोंडातून पाणी आत येते तेथे प्रवाह मंदावून गाळ बसतो. म्हणून त्या तोंडापाशीच भात खुरटलेले दिसे आणि कॅडमियमही तेथेच अधिक साचे. तोच तांदूळ खाणाऱ्या व तेच पाणी पिणाऱ्या कुटुंबांतील प्रौढ बायकांची मूत्रपिंडे निकामी होत आणि हाडे इतकी मऊ पडत की खोकल्याच्या उबळीनेही बरगडी मोडावी. नोबोरू हागिनो या तेथल्याच डॉक्टरांनी हे दुखणे खाणीच्या पाण्याशी जोडले, पण सरकारने तो रोग प्रदूषणजन्य असल्याचे मान्य करावयास १९६८ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी पीडितांनी कंपनीवर दावा गुदरला.

मातीतला हा धातू दाण्यात कसा चढतो, ते येथे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. खाचरात पाणी उभे असते तोवर मातीतील प्राणवायू सरलेला असतो, आणि त्या अवस्थेत कॅडमियमचा गंधकाशी संयोग होऊन पाण्यात जवळजवळ न विरघळणारे संयुग बनते. मुळांना ते सहजासहजी घेता येत नाही. परंतु कापणीपूर्वी शेतकरी पाणी तोडतो, जमिनीला भेगा पडतात, हवा आत शिरते, आणि तेच संयुग पुन्हा विद्राव्य होऊन दाणा भरण्याच्या ऐन दिवसांत लोंबीत पोहोचते. पीक पोटरीत आल्यापासून निसवल्यानंतरही काही आठवडे पाणी न तोडल्यास तांदळातील कॅडमियम बरेच घटते. मात्र मातीत आर्सेनिक असेल तर तांदळातील त्याचे प्रमाण याच उपायाने वाढते. शिवाय असा उपाय धातूला केवळ झोपवून ठेवतो. हा धातू शोषून घेणारी भाताची वाणे लावून, कापून, जमीन हळूहळू रिकामी करण्याचे प्रयत्नही जपानात झाले, पण त्याला अनेक हंगाम लागतात.

१९७१ साली जिल्हा न्यायालयात आणि १९७२ च्या ऑगस्टमध्ये अपिलातही पीडितांच्या बाजूने फैसला झाला. त्या निकालाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी टोकियोत कंपनीकडून जे करारनामे लिहून घेतले, त्यांचे मोल मला न्यायालयाने देवविलेल्या रकमेपेक्षाही अधिक वाटते. कारण त्यांत नुकसानभरपाईबरोबरच जमीन पूर्ववत करून देण्याचे वचन होते, आणि रहिवाशांनी स्वतः ठरवलेले तज्ज्ञ बरोबर घेऊन, हव्या त्या वेळी, कंपनीच्या खर्चाने खाणीची पाहणी करावी, असा हक्कही होता.

जमीन पूर्ववत करण्याचे काम १९७९-८० च्या सुमारास सुरू झाले. दूषित ठरलेल्या सुमारे १,५०० हेक्टर क्षेत्रापैकी ८६३ हेक्टरांवर पुन्हा भात उभे राहिले. बाकीची बरीचशी जमीन घरे, रस्ते, कारखाने यांच्याकडे गेली. काही खाचरांत दूषित माती जागेवरच राहू देऊन तिच्यावर नवी माती चढवली. पण अनेक ठिकाणी वरचा थर खरवडून तो खोल चरात पुरला, त्याच्यावर खालून निघालेल्या गोट्यांचा थर घट्ट दाबून बसवला, जेणेकरून भाताची मुळे व नांगराचा फाळ खाली पोहोचू नये, आणि त्याच्यावर डोंगरातून आणलेली स्वच्छ माती पसरली. ही माती स्वच्छ खरी, पण निःसत्त्व. पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी करून कमावलेल्या मातीचा कस तिच्यात नव्हता, आणि तो खतांनी व मेहनतीने नव्याने आणावा लागला. २०१२ च्या मार्चमध्ये काम पुरे झाले तोवर सुमारे ४० अब्ज येन खर्ची पडले होते, आणि त्याचा बोजा कंपनी, केंद्र सरकार व स्थानिक शासने यांनी हिश्शांनी उचलला.

तरीही कॅडमियम नष्ट झाले नाही. ते मातीखाली आहे, एवढेच. वरून नवा गाळ येत राहिला असता तर आणलेली मातीही यथावकाश जुन्यासारखीच झाली असती, म्हणून पाहणीचा हक्क हा या साऱ्या कामाचा पाया होय असे मी मानतो. १९७२ पासून दरवर्षी नदीकाठचे लोक खाणीत जातात, गटारे व झिरपे तपासतात, नमुने घेतात, उणिवा दाखवतात; आज जिंझूच्या पाण्यातील कॅडमियम निसर्गतः आढळणाऱ्या पातळीच्या आसपास उतरले आहे. जस्ताचे उत्खनन २००१ साली थांबले, आणि त्याच डोंगराच्या पोटात आता शास्त्रज्ञ न्यूट्रिनो कणांचा शोध घेतात. पण उत्खननाच्या काळात साठवलेल्या गाळाचे प्रचंड ढीग बांधांच्या आधाराने अजून दऱ्यांत उभे आहेत. अतिवृष्टीत त्यांतून काय झिरपेल आणि मोठ्या भूकंपात ते बांध टिकतील काय, हे प्रश्न नदीकाठच्या लोकांना आजही कंपनीपुढे मांडावे लागतात.