हुबळीचा नृपतुंग डोंगर

डोंगर चढणे म्हटले की कळसूबाई, साल्हेर किंवा हिमालयाची शिखरे डोळ्यांपुढे उभी राहतात, आणि हे काम धाडसी तरुणांचे असे मानून सामान्य गृहस्थ घरी बसतो. वस्तुतः पायी चढण्याच्या आनंदाला उंचीची अट नाही. स्कॉटलंडमध्ये टेकड्यांवर चालणे हा आबालवृद्धांचा आवडता परिपाठ आहे. तेथील एडिंबरो शहरातील ‘आर्थर्स सीट’ हा डोंगर अवघा २५१ मीटर उंच आहे. परंतु त्याच्या कड्यांतील खडकांचे निरीक्षण करूनच अठराव्या शतकात जेम्स हटन या पंडिताने आपल्या भूशास्त्रीय विचारांना पुरावा मिळविला. थरांच्या खडकात एके काळी तप्त द्रवरूप खडक घुसला होता, ही खूण त्याला तेथे दिसली. घराजवळचा डोंगर विचारी माणसाला किती शिकवू शकतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

हुबळी-धारवाडकरांच्या भाग्याने असा एक डोंगर त्यांच्याही दाराशी आहे. हुबळीहून धारवाडकडे जाताना उणकलचा विस्तीर्ण तलाव लागतो. त्याच परिसरात नृपतुंग बेट्ट उभा आहे. कानडीत ‘बेट्ट’ म्हणजे डोंगर. मराठी कानाला त्यात ‘बेट’ ऐकू येते, आणि सभोवती पसरलेल्या घरांच्या छपरांतून वर आलेला हा हिरवा उंचवटा खरोखरच बेटासारखा दिसतो. वर जाण्यास रस्ता आहे, माथ्यावर उद्यान आहे, आणि सकाळ-संध्याकाळ फिरावयास येणाऱ्यांची तेथे वर्दळ असते. वाहनानेही वर जाता येते; तथापि डोंगराची ओळख पायांनीच होते. चढणीवर श्वास जड होऊ लागला की माणूस आपोआप थांबतो, मागे वळून पाहतो, आणि प्रत्येक थांब्यावर मुलूख थोडा अधिक उलगडत जातो. पावसाळा सरल्यानंतरचे दिवस यासाठी सर्वांत चांगले. तेव्हा धूळ बसलेली असते आणि दृष्टी दूरवर पोहोचते.

डोंगराला ज्याचे नाव दिले आहे तो नृपतुंग म्हणजे राष्ट्रकूट सम्राट पहिला अमोघवर्ष. नवव्या शतकात त्याने सहा दशकांहून अधिक काळ राज्य केले. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. कानडीतील उपलब्ध ग्रंथांत सर्वांत जुना असा ‘कविराजमार्ग’ त्याच्या दरबारात सिद्ध झाला. कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत पसरला आहे, असे त्या ग्रंथात सांगितले आहे. मराठी वाचकालाही हा राजा परका नाही. वेरूळचे कैलास लेणे ज्याच्या कारकिर्दीतील मानले जाते तो पहिला कृष्ण अमोघवर्षाचा पणजोबा. आणि प्रजेवरील अरिष्ट टळावे म्हणून अमोघवर्षाने आपले बोट महालक्ष्मीला अर्पण केले, असे संजाणच्या ताम्रपटात नमूद आहे. ही महालक्ष्मी कोल्हापूरची, असे सामान्यतः समजले जाते.

राजाची ओळख झाली. आता पायाखालच्या खडकाची. महाराष्ट्रातील सह्याद्री लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनला आहे. म्हणूनच त्याचे माथे सपाट आणि कडे पायऱ्यांसारखे दिसतात. त्या खडकाचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे आहे. बेळगावच्या परिसरात हा काळा पाषाण संपतो आणि धारवाडकडे येताना त्याहून कितीतरी प्राचीन खडक लागतात. वाळू, गाळ आणि प्राचीन ज्वालामुखींचा रस यांपासून बनलेले, पुढे दाबाने व उष्णतेने रूपांतर पावलेले हे खडक अडीच अब्ज वर्षांहून जुने आहेत. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात त्यांना धारवाडचेच नाव दिले. गोव्याचे लोहखनिज याच कुळातील. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत ‘धारवाड’ हे नाव आले ते असे. येथील डोंगरांना सह्याद्रीसारखे कडे नाहीत, त्यांच्या पाठी गोलसर आहेत, याचे कारण या वेगळ्या खडकातच शोधावे लागते.

परंतु माथ्यावर पोहोचल्यावर जे सर्वांत महत्त्वाचे कळते, ते पाण्याविषयी. पश्चिमेकडे पाहावे तो जमीन तांबूस होत जाते, झाडी दाट होते, आणि क्षितिजापलीकडे सह्याद्रीची रांग आहे याची जाणीव होते. हा मलनाडचा उंबरठा. पूर्वेकडे नवलगुंदच्या दिशेने काळी, सपाट, कापूस पिकविणारी जमीन पसरली आहे. तिला कानडीत बयलुसीमे म्हणतात. मराठी माणसाने मावळ आणि देश यांची आठवण करावी म्हणजे हा भेद ध्यानी येईल. पश्चिमेचा मेघ जसजसा पूर्वेकडे सरकतो तसतसा रिता होत जातो.

या दोन प्रदेशांच्या मधून, हुबळी-धारवाडच्याच परिसरातून, एक अदृश्य रेषा जाते. कौलारू घराच्या आढ्यावर पडलेला पाऊस जसा दोन पाख्यांवरून दोन अंगणांत उतरतो, तसा येथला पाऊस दोन समुद्रांकडे जातो. धारवाडजवळ सोमेश्वराच्या देवळापाशी उगम पावणारी शाल्मला आणि उणकलकडून येणारा ओढा हे कलघटगीच्या बाजूस एकत्र येतात. त्यांची बेडती नदी होते. यल्लापूरजवळ मागोडच्या धबधब्यात ती खाली झेपावते आणि गंगावळी या नावाने अरबी समुद्राला मिळते. आढ्याच्या दुसऱ्या बाजूचे पाणी बेण्णीहळ्ळातून मलप्रभेला जाते; मलप्रभा कुडलसंगमाला महाबळेश्वरहून आलेल्या कृष्णेला भेटते; आणि ते पाणी अखेर बंगालच्या उपसागरात पोहोचते.

आढ्यावर राहणाऱ्याच्या दारी पन्हळ वाहते, पण विहीर भरत नाही. एवढ्या मोठ्या जोडशहराला स्वतःची मोठी नदी नाही, याचे कारण डोंगरावरून असे उघड दिसते. पूर्वजांनी म्हणूनच तळी बांधली. धारवाडच्या साधनकेरीच्या नावातील ‘केरी’ म्हणजे तळेच. पुढे तळी अपुरी पडली. बेडतीच्या खोऱ्यातील नीरसागराचे पाणी आणले, नंतर सौंदत्तीजवळच्या धरणातून मलप्रभेचे आणले. तेही पुरेना, तेव्हा म्हादईचे पाणी मलप्रभेत वळविण्याची योजना पुढे आली आणि गोव्याशी वाद उभा राहिला. लवादाने २०१८ साली निवाडा दिला, तरी दोन्ही बाजूंचे समाधान झाले नाही. या वादात कोणाचे किती खरे, हे डोंगर सांगत नाही. परंतु तहान खरी आहे, आणि ज्या खोऱ्यातून पाणी उचलावयाचे तेथल्या लोकांची धास्तीही खरी आहे, एवढे तेथे उभे राहिले असता समजते.

आणखी एक गोष्ट समजते, ती अधिक जवळची आहे. आढ्यावरचा माणूस पाणी दुरून आणतो, आणि वापरलेले पाणी मात्र उतारावरून सहज सोडून देतो. उणकल तलावात सांडपाणी शिरल्याच्या आणि त्यावर जलपर्णी माजल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. हुबळीच्या नाल्यांतील मैला बेडतीत उतरतो आणि खालच्या गावांच्या वाट्याला येतो. दुसऱ्याच्या नदीचे पाणी मागणाऱ्या शहराने आपल्या उगमांची निगा राखावी, ही अपेक्षा काही मोठी नव्हे. डोंगराच्या उतारावरची झाडी टिकली तर पाऊस मुरेल, तळ्यात गाळ कमी येईल, ओढा अधिक काळ वाहील. ही गोष्ट शास्त्राइतकीच शेतकऱ्याच्या अनुभवालाही मान्य आहे.

उतरताना सूर्य पश्चिमेकडे कललेला असतो आणि तलावाचे पाणी चकाकू लागते. वरून ते सुंदरच दिसते. त्याची खरी स्थिती काठावर गेल्यावरच कळते. म्हणून नृपतुंगावर चढणाऱ्याने परतीच्या वाटेवर तळ्याच्या काठानेही थोडे चालावे.