त्रिरश्मीच्या पायऱ्यांवर

घटस्फोटाचा हुकूमनामा हाती पडला की दाव्याची मिसल दप्तरदाखल होते, मनातील तंटा मात्र चालूच राहतो. म्हणूनच नाशिकच्या इंदिरानगरातील एकट्या पडलेल्या जीवाने पहाटे जवळच्या पांडवलेण्यांच्या, म्हणजे प्राचीन त्रिरश्मी डोंगराच्या, पायऱ्या चढाव्यात असे मला कळकळीने वाटते. श्वास फुलला की त्याच त्या वादाची उजळणी खुंटते आणि नजर ओल्या काळ्या पाषाणावरील शेवाळाकडे वळते. १९८४ साली रॉजर अलरिच या अमेरिकन संशोधकास आढळले की, शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणाऱ्या रुग्णांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. वियोगाचे दुःख निराळे खरे, तरी ही साक्ष उपेक्षणीय नव्हे. वियोग सोसणाऱ्या मनाची आणखी एक खूण वर भेटते: तिसऱ्या लेण्यात, दिवंगत पुत्र गौतमीपुत्र सातकर्णीचा गौरव कोरवून ते लेणे भिक्षुसंघास अर्पिणाऱ्या गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. झोपच उडाली असेल, तर मात्र वैद्यकीय सल्ला विनाविलंब घ्यावा.