धीर धरा, धार धरा!

टोमॅटोवर सुरी ठेवली, जोर लावला आणि फोडीऐवजी थेट सार तयार झालं? मग हे पान तुमच्यासाठीच! बाजारात धार लावायची साधनं ढिगाने मिळतात: दगड, दांडी, खाचेचा शार्पनर, डायमंडची पट्टी, इलेक्ट्रिक मशीन. पण प्रत्येक पात्याचा स्वभाव वेगळा आणि त्याला मानवणारं साधनही वेगळं. लग्न जमवताना पत्रिका बघतात ना? तशीच पात्याची आणि शार्पनरची पत्रिका बघावी लागते. चला, गुण जुळवू या!

मिठाचा खडा

मिक्सरमध्ये खडेमीठ फिरवलं की पात्याला धार येते, असं घरोघरी सांगतात. पण माहीत आहे का, ते होणं शक्यच नाही! कठीणपणा मोजायला १ ते १० अशी एक पट्टी आहे. जर्मन खनिजतज्ज्ञ फ्रीडरिश मोहस यांनी ती १८१२ मध्ये मांडली. १ वर मऊ शंखजिरं, १० वर हिरा. मीठ अडीचच्या आसपास आणि सुरीचं पोलाद साडेपाचच्या पुढे! मऊ वस्तू कठीण वस्तूला झिजवून धार कशी देणार? मीठ फार तर भांडं घासून देईल. धारेच्या बेतात मात्र मिठाचा खडा!

कुरुंद गेला ग्लोबल

माहीत आहे का, धारेच्या दुनियेत आपला एक शब्द जग फिरून आलाय? कुरुंद! संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम आणि तिथून इंग्रजीत गेल्यावर कोरंडम. मोहस पट्टीवर याचा नंबर ९. आणि माणिक, नीलम हे दोघेही कुरुंदच! म्हणजे धार लावणारा कुरुंद आणि अंगठीतलं माणिक ही सख्खी भावंडं.

थांबा, गोष्ट पुढे आहे. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन कृत्रिम हिरा बनवायला बसले. चिकणमाती आणि कोकची भुकटी विजेने तापवली. हिरा काही मिळाला नाही, मिळाले चमकदार, विलक्षण कठीण स्फटिक. हा कार्बन आणि कोरंडमचा संकर असावा, असं समजून त्यांनी नाव ठेवलं कार्बोरंडम. प्रत्यक्षात ते निघालं सिलिकॉन कार्बाइड. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. हार्डवेअरच्या दुकानातल्या त्या करड्या दगडाच्या नावात आपला कुरुंद असा लपून बसलाय!

नंबर वाढला, दगड बारीक

दगडावरचा ग्रिट नंबर बघून गोंधळता? सोपं आहे. नंबर जितका मोठा, तितके कण बारीक. टवके उडालेल्या सुरीला २०० ते ४००, बोथट सुरीला १०००, आणि आरशासारखी झिलई हवी तर ३००० च्या पुढे. एकच दगड घ्यायचा असेल तर १००० चा घ्या.

आणि हो, इंग्रजी ‘व्हेटस्टोन’मधल्या ‘व्हेट’चा पाण्याशी काडीचा संबंध नाही! त्या जुन्या शब्दाचा अर्थच मुळी ‘धार लावणे’.

कोन बनेगा धारदार?

धारेचं खरं गुपित कोनात. पाश्चात्त्य धाटणीच्या सुरीला दर बाजूला साधारण २० अंश, जपानी सुरीला १५, कुऱ्हाडीला २५ ते ३०. कोन जितका लहान तितकी धार तिखट, पण तितकीच नाजूकही.

कंपासपेटी शोधू नका. कागदाचा कोपरा घ्या, तो ९० अंशांचा. एक घडी घातली की ४५, दुसरी घातली की साडेबावीस. त्याहून किंचित खाली सुरी धरली की झाला तुमचा २० चा कोन! खात्री करायची? धारेच्या कडेला मार्कर पेनची रेघ ओढा आणि दगडावर दोनदा घासा. शाई सगळीकडून सारखी गेली तर कोन पक्का. फक्त वरची गेली तर सुरीची पाठ थोडी उचला, फक्त टोकाची गेली तर पाठ थोडी टेकवा.

दांडी मारू नका!

सुरीच्या सेटमध्ये येते ती लांब स्टीलची दांडी आठवतेय? माहीत आहे का, ती खरं तर धार लावतच नाही! वापरून वापरून धारेची कड एका बाजूला कलते, दांडी तिला पुन्हा सरळ उभी करते. म्हणून ती रोजची. दगड मात्र महिन्या-दोन महिन्यांनी.

पण सावधान. पोलादाचा कठीणपणा रॉकवेल आकड्यात मोजतात. जर्मन सुऱ्या साधारण ५४ ते ५८, जपानी बहुतेक ६० च्या वर. कठीण म्हणजे ठिसूळही! खरबरीत स्टीलच्या दांडीवर जपानी सुरीचे टवके उडू शकतात. तिला पाण्यात भिजवलेला दगडच मानवतो.

एकतर्फी प्रेम

जपानची यानागिबा सुरी माहीत आहे का? साशिमीसाठी कच्च्या माशाचे तलम काप करणारी! हिला एकाच बाजूने उतार असतो, दुसरी बाजू जवळजवळ सपाट आणि मध्ये किंचित खोलगट. त्यामुळे डावखुऱ्या शेफला उलट्या उताराची वेगळी सुरी लागते. हिला दोन्हीकडून घासणाऱ्या खाचेच्या शार्पनरमध्ये ओढलंत तर एका झटक्यात तिचं घराणंच बदलेल!

न कापणाऱ्या सुरीचा जनक

शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये गंजाला दाद न देणारं पोलाद ओतलं. तोफा-बंदुकांच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून खटपट चालली होती, हाती आलं स्टेनलेस स्टील! पण सुऱ्या बनवणाऱ्या कारागिरांनी त्यांना टोपणनाव काय दिलं, माहीत आहे का? ‘न कापणाऱ्या सुरीचा जनक’! आज तेच पोलाद घराघरांत आहे. रोजच्या स्वस्त स्टेनलेस सुरीला खाचेचा शार्पनर चालतो. हलक्या हाताने तीन-चार वेळा ओढायचं, बस! हा शार्पनर धातू भराभर खातो, म्हणून महागड्या सुरीपासून चार हात लांब.

दात दाखवून अवलक्षण

ब्रेड कापायची दातेरी सुरी सपाट दगडावर घासलीत तर दातच सपाट! तिला लागते निमुळती गोल दांडी. एकेका खाचेत दांडी बसवून, फक्त उताराच्या बाजूने, दोन-तीन वेळा फिरवायची. वेळखाऊ काम खरं, पण दातांच्या डॉक्टरला घाई चालते का?

पांढरी सुरी, हिऱ्याची हौस

सिरॅमिकची सुरी झिर्कोनियाची असते, मोहस पट्टीवर साडेआठच्या जवळपास. साधा दगड तिच्यापुढे घाम गाळतो, म्हणून तिच्यासाठी डायमंडचंच साधन घ्या. गंजत नाही, वजनाला हलकी, पण फरशीवर पडली की संपली! आणि स्टीलची दांडी? तिच्याजवळसुद्धा नेऊ नका.

पण सिरॅमिकच्या कुळातली दुसरी कमाल माहीत आहे का? चिनी मातीचा कप उलटा करा. बुडाची ती खरबरीत, झिलई नसलेली कड बघा. त्यावर सुरी अलगद घासली की धार परत येते. पाहुण्यांकडे भाजी चिरायला बसलात तर चहाचा कपच कामी येईल!

कातर वेळ

कात्रीला धार लावताना एकच मंत्र: बाहेरचा उतार घासा, आतली सपाट बाजू तशीच राहू द्या. दोन पाती एकमेकांना घासून कापतात ती त्या आतल्या बाजूनेच. ती बिघडली की कापड कापलं न जाता मध्ये दुमडतं. आणि डावखुऱ्यांची कात्री फक्त मुठीत वेगळी नसते, पात्यांची वर-खाली मांडणीच उलटी असते! मेरठच्या प्रसिद्ध कात्र्यांची पाती गाड्यांच्या भंगारातल्या पोलादापासून घडवतात, हे माहीत होतं का?

विळी, कोयता, अडकित्ता

आपली विळी कोकणात मोरळी होते, गोव्यात आदोळी आणि बंगालमध्ये बोंटी. नावं चार, सवय एकच: पातं जागेवर, भाजी हलते! मग धार लावतानाही तोच न्याय लावा. पातं पाटावर घट्ट आणि दगड हातात. पातं वाकडं असल्याने छोटा, गोलसर दगड सोयीचा. लोखंडी पातं असेल तर काम झाल्यावर पुसून तेलाचा हात फिरवा.

कोयत्याला आणि विळ्याला कानस. माहीत आहे का, कानस फक्त पुढे जातानाच कापते? मागे येताना दाबलीत तर तिचेच दात झिजतात. पुढे दाबा, मागे उचला.

आणि अडकित्ता? त्याचं वरचं पातंच धारदार, खालचं फक्त सुपारीला आधार देतं. खालच्याला घासू नका, बिचाऱ्याचं ते कामच नाही.

दाढीचा दणका

केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, मग ब्लेड बोथट का होतं? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये उत्तर शोधलं: वाकलेला केस एका ठरावीक कोनातून लागला की पात्याच्या कडेचा बारीक टवका उडतो. दाढी जिंकते!

आणखी अचाट हवंय? प्राग शहरातल्या कारेल ड्रबल या रेडिओ इंजिनिअरने पुठ्ठ्याचा पिरॅमिड बनवला. त्यात ब्लेड ठेवलं की धार टिकते, असा त्यांचा दावा. १९५९ मध्ये त्याला चक्क पेटंट मिळालं! विज्ञानाची मोहर काही त्यावर उमटली नाही. उघड्या वस्तऱ्याला मात्र चामड्याचा पट्टा अजूनही लागतो. वस्तरा दगडावर घासताना कोन मोजावाच लागत नाही, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवली की कोन आपोआप जुळतो. किती स्मार्ट डिझाइन!

आणि धार लावायची कटकटच नको म्हणून जिलेटने फेकून द्यायची ब्लेड आणली. १९०३ मध्ये विकली गेली फक्त १६८! पुढच्याच वर्षी तो आकडा लाखावर गेला.

ठिणगी ठिणगी फुलबाजी

सायकल स्टँडवर उभी करून पेडल मारत चाक फिरवणारा धारवाला लहानपणी बघितलाय ना? त्या ठिणग्या म्हणजे काय, माहीत आहे का? हवेत जळणारे पोलादाचे कण! पण चाकावर पातं फार वेळ दाबलं तर ते तापून निळं पडतं. साधारण ३०० अंश सेल्सिअसची ती खूण, म्हणजे पात्याचं पाणी उतरलं. मग धार टिकणार नाही. पटकन टेकवायचं, पटकन उचलायचं, मध्ये पाण्यात बुडवायचं. अनुभवी धारवाल्याच्या हाताला हे आपसूक कळतं. शिकलगार हे आडनावही याच कलेतून आलंय. अरबी ‘सैकल’ म्हणजे झिलई!

दगडाला दगड

दगडाच्या पात्याला धार कशी लावायची? टवके उडवून! ज्वालामुखीची काच म्हणजे ऑब्सिडियन. तिची धार अवघी काही नॅनोमीटर जाड असू शकते, सर्जनच्या स्टीलच्या पात्यापेक्षाही तलम. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तिथेही कॅल्सेडनी दगडाची छोटी छोटी पाती सापडली. ताम्रपाषाण युगातला तो सुऱ्यांचा सेट!

 

फ्रिजवर चिकटवायची चिठ्ठी

रोजची स्टेनलेस सुरी: रोज दांडी, अधूनमधून १००० चा दगड.
जपानी सुरी: पाण्यातला दगड, धीराने.
दातेरी सुरी: निमुळती गोल दांडी.
सिरॅमिक: डायमंड.
कात्री: फक्त बाहेरचा उतार.
विळी: हातातला छोटा दगड.
कोयता: कानस.
वस्तरा: बारीक दगड, मग चामडं.

आणि काचेचा चॉपिंग बोर्ड? तो आजच बाजूला ठेवा. काच आणि सुरी यांची जोडी धारेची वैरीण, लाकडी पाट मात्र जिवाभावाचा मित्र.

बोथट सुरीला जोर जास्त लागतो, आणि जोर लावला की ती निसटून बोटावर येते. म्हणून धार ही चैन समजू नका, ती बोटांची काळजी आहे. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो, तेव्हा घरातली पाती बाहेर निघतातच. यंदा फूल वाहायच्या आधी प्रत्येक पात्याला त्याचा जोडीदार मिळवून द्या. मग वर्तमानपत्राचा कागद हवेत धरा आणि सुरी अलगद ओढा. सर्रकन कापला? पैकीच्या पैकी गुण जुळले! आता आणा तो टोमॅटो!