पवईचा रशियन वाटा आणि आपला जिल्हा

बुलढाणा जिल्ह्यातल्या धामणगाव बढेची मुलं बारावीनंतर इंजिनिअरिंगचा विचार करू लागली की शेगावचं नाव निघतंच. श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय तिथे १९८३ साली उभं राहिलं. परदेशी विद्यापीठांशी भागीदारीची गोष्ट मात्र त्याच्या पंचवीस वर्षं आधी, मुंबईत सुरू झाली होती.

आयआयटी मुंबईचे पहिले वर्ग जुलै १९५८मध्ये वरळीला, सस्मिरा संस्थेच्या इमारतीत भरले. विद्यार्थी होते १००. पुढच्या मार्चमध्ये नेहरूंनी पवईला पायाभरणी केली. युनेस्कोमार्फत सोव्हिएत संघाने यंत्रसामग्री दिली, ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ पाठवले. मद्रासला पश्चिम जर्मनी आली, दिल्लीला ब्रिटन, कानपूरला नऊ अमेरिकी संस्था. शीतयुद्ध ऐन भरात असताना आपण दोन्ही गोटांकडून शिकून घेतलं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

पण पवईच्या सोव्हिएत मदतीतली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच होती. इथल्या अध्यापकांना सोव्हिएत संघात प्रशिक्षणासाठी २७ शिष्यवृत्त्या मिळाल्या. तिकडून आलेला मिन्स्क संगणक काही वर्षांतच जुना झाला. शिकून आलेला मास्तर मात्र पुढे कितीतरी तुकड्या घडवतो.

२००८ साली आयआयटी मुंबई आणि ऑस्ट्रेलियाचं मोनाश विद्यापीठ यांची संशोधन अकादमी सुरू झाली. विद्यार्थी एक, मार्गदर्शक दोन्ही देशांतले, पीएच.डी. दोन्ही संस्थांची मिळून. म्हणजे घेणारा-देणारा हा जुना भेद गेला, संशोधनाचा प्रश्नच सामायिक झाला. पन्नास वर्षांतली ही खरी मजल.

२०२२च्या यूजीसी नियमांनी संयुक्त आणि दुहेरी पदव्यांची वाट रुंद केली. पण संस्थेला अशा करारांची थेट मुभा नॅकचे किमान ३.०१ गुण किंवा राष्ट्रीय क्रमवारीतलं वरचं स्थान अशा अटींवर मिळते, आणि परदेशी विद्यापीठही जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारातलं लागतं. दर्जाची अट मला मान्य आहे. तरी तिच्या पलीकडे राहणाऱ्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांसाठी अध्यापकांच्या देवाणघेवाणीची वेगळी सोय हवी. ती पदवीच्या करारापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल.

बाहेरचे संशोधक आपल्या जिल्ह्याला नवे नाहीत. लोणारचं विवर उल्कापातानेच झालं, हे १९७०च्या दशकात अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी मिळून दाखवून दिलं. मोताळा तालुक्यातल्या पाण्याचे आणि कपाशीचे प्रश्नही तितक्याच आस्थेने, दोन देशांच्या प्रयोगशाळांनी एकत्र हाती घ्यावेत असेच आहेत.