कोयत्याची धार आणि हाताची ताकद



तोडणी सुरू झाली की चर्चा टनाची, उताऱ्याची आणि गाड्यांची होते. कोयत्याच्या पात्याकडे मात्र कोणी बघत नाही. जरा हिशोब करू. एका उसाचे वजन 1 किलो धरले तर टनाला 1000 ऊस. बुडाला एक घाव, वाढे उडवायला एक, असे 2000 घाव झाले. धार बोथट असली आणि बुडाला दुसरा घाव लागला, की झाले 3000. मजुरी टनावर मिळते, घावावर नाही. जादा हजार घाव मजुराच्या खांद्यातूनच जातात.

असे का होते? उसाची साल कठीण व धाग्यांची, आतला गर मऊ. बोथट पाते कांडे आधी दाबते, वाकवते, मग कुठे धागे तुटतात. बरीच ताकद या दाबण्यातच वाया जाते. पाते जाड असेल तर ते पाचरीसारखे अडकते आणि घासते. म्हणून धारेचा कोन साधारण 20 ते 30 अंश ठेवावा. त्याहून बारीक केली तर खड्याला लागून धार उडते. घाव गाठीवर न घालता कांड्यावर, तिरपा आणि ओढता घालावा. पाते सरकत कापते, जोर कमी लागतो.

समुद्रपूर भागात कापूस, तूर, सोयाबीन जास्त; ऊस ओलिताच्या वावरापुरता. पण नियम तोच. सोयाबीनची वाळलेली काडी बारीक नि चिवट, साधे पाते तिच्यावरून घसरते. तिथे दातेरी वैभव विळा बरा. दाते काडीला धरून ठेवतात, अन् विळा सारखा पाजवावा लागत नाही.

यात शेतकऱ्याचाही फायदा आहे. 2 मीटर उसाचा 5 सेंटिमीटर बुडखा मागे राहिला, तर चाळिसावा भाग गेला. 40 टनांच्या वावरात 1 टन! शिवाय साखर बुडाकडेच जास्त. बुडखा चिरला तर रोग शिरतो, खोडवा बिघडतो.

तेव्हा बांधावर एक कानस ठेवा, टोळीला दुपारी धार लावायला वेळ द्या. चाकावर घासताना पाते निळे पडू देऊ नका. पोलादाचे पाणी उतरते, मग धार टिकत नाही.