मंगरूळ, पण कोणतं?

परवा एका अंकात उस्मानाबादी शेळीची ‘धाराशिवी शेळी’ झाली. जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये बदललं. पण कुणीतरी संगणकाला सरसकट हुकूम सोडला आणि बिचाऱ्या जनावराचंही बारसं उरकलं. टेबलावर मुद्रितशोधक असता तर शेळी वाचली असती.

1948 पर्यंत आमच्या या जिल्ह्याचं दफ्तर उर्दूत. नंतर छापखाने: ट्रेडल, खिळे, लग्नपत्रिका. त्या काळाबद्दल लोक गहिवरतात. मला त्यात रस नाही. चुका तेव्हाही रग्गड होत्या. मला आठवतं ते नव्वदचं दशक.

तेव्हा अंकाची प्रुफं तपासायला दोघं बसत. एक मूळ मजकूर स्वल्पविरामासकट मोठ्यानं वाची, दुसरा प्रुफावर खुणा करी. नवशिक्याची शाळा तीच. आमच्या ज्येष्ठांना सगळे मास्तर म्हणत. 1993 च्या भूकंपानंतर सास्तूर, होळी, राजेगावहून बातम्या येऊ लागल्या. विसर्जनाची रात्र म्हणून बातमीदार ‘29 सप्टेंबरच्या रात्री’ लिहीत. मास्तर तिथं ‘30 च्या पहाटे’ करत. ‘मंगरूळ जमीनदोस्त’ आलं की समासात त्यांचा प्रश्न: कोणतं? औशाचं की तुळजापूरचं? तालुका राहून गेला असता तर भलत्याच गावच्या पाहुण्यांनी टाहो फोडला असता. मृतांच्या यादीत तेच नाव पुन्हा दिसलं, की आमचा हात खोडायला शिवशिवे. मास्तर अडवत: आधी वय बघा, वडिलांचं नाव बघा. वाचलेली म्हातारी ‘काय करूलालास’ म्हणाली तर तेही तसंच ठेवत. पुण्याच्या विद्वानांना आमच्या बोलीत नुसती अशुद्धं दिसायची. शुद्धलेखनाचे नियम मास्तरांना त्यांच्याइतकेच पाठ होते, फक्त ते कुठं लावायचे नाहीत हेही ठाऊक होतं.

मग डीटीपी आलं. ‘आता मशीनच बघेल’ म्हणत मालकांनी मास्तरांना नारळ दिला. मराठी तपासणारं मशीन तेव्हा कुणाच्या कार्यालयात होतं? फॉन्ट बदलला की रफार उडायचा. 2001 मध्ये अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ आला, तेव्हा तो उघडणारं माणूसच आमच्या टेबलावर उरलं नव्हतं.

2024 मध्ये मराठी अभिजात ठरली. पहिल्या पानावर मोठमोठे मथळे झळकले. त्या आनंदात कुणी एखादा मुद्रितशोधक नेमल्याचं माझ्या कानावर नाही. पत्रकारितेची मुलं अधूनमधून सरावाला येतात. पूर्वी त्यांच्यासाठी मुद्दाम चुका पेरून उतारे तयार करायचो. हल्ली त्या दिवशीचाच अंक पुढ्यात टाकतो.